मुंग्या नसलेली जमीन

सकाळी आठच्या सुमारास जासूदबेन दवाखान्याच्या मागच्या दारानं बाहेर पडायच्या. एका हातात पितळेचा डबा आणि दुसऱ्या हातात पुंजणी, जीव न दुखावता झाडायची मऊ लोकरीची झाडणी. डब्यात मुदत संपलेली औषधं असायची. पाकिटातून सोडवून खलबत्त्यात कुटलेल्या गोळ्या, टोपणं उघडून मोकळी केलेली पूड, राखेत कालवून सुकवलेली पातळ औषधं. मागच्या भिंतीपलीकडे पाच-सात खाटा मावतील एवढा उघडा पट्टा होता. तिथं गवताचं पातं नाही, ओल नाही, किडामुंगी नाही. जासूदबेन आधी जमीन डोळ्यांखालून घालायच्या, मग पुंजणीनं अलगद झाडायच्या. ही जागा ज्याच्या मालकीची असेल त्याची मनातल्या मनात परवानगी मागायच्या आणि रांगोळी सोडावी तशी ती पूड विरळ सोडायच्या. शेवटी हात जोडून तीनदा म्हणायच्या, "वोसिरे, वोसिरे, वोसिरे." सोडलं, सोडलं, सोडलं. आता ह्या वस्तूवर माझा हक्क नाही, हिच्यापायी कुणाला इजा न होवो.

ह्याला त्या परठवणं म्हणायच्या. हे त्यांनी कंकुबाई महासतींकडून घेतलं होतं. महासती म्हणजे त्यांच्या जैन पंथातल्या साध्वी. म्हातारपणी पायांनी साथ सोडली तेव्हा कंकुबाई गावच्या उपाश्रयात, साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, कायमच्या राहिल्या. तेव्हा जासूदबेन नुकत्याच विधवा झाल्या होत्या, वय एक्केचाळीस. रोज दुपारी सेवेला जायच्या. साध्वीनं नखाचा तुकडासुद्धा मोरीत टाकायचा नाही, कोरडी निर्जीव जागा शोधायची आणि तिथं तो जपून ठेवून यायचा, हे त्यांनी दोन वर्षं डोळ्यांनी पाहिलं. कंकुबाई म्हणायच्या, "घेताना सगळेच जपतात गं. सोडताना कोण जपतं ते बघ."

कंकुबाई गेल्या आणि त्याच वर्षी जासूदबेन हेमकुंवर सार्वजनिक दवाखान्याच्या औषधखोलीत बसायला लागल्या. पगार नव्हता, सेवा होती. त्या काळी मुदत जायची ती दवाखान्याच्याच साठ्याची, घरात औषध उरायचंच कुठं? कंपाउंडर बाटलीत लाल पाणी भरून द्यायचा, बाटलीला कागदाची दातेरी पट्टी, एक दात म्हणजे एक डोस. पुड्या असायच्या त्या मोजून सहा. घरी न्यायचं, संपवायचं, बाटली धुऊन परत आणायची. पुढं पाकिटं आली, घराघरातल्या कपाटांत औषधं साठायला लागली, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं म्हणून उपाश्रयाच्या ओसरीवर एक लाकडी पेटी बसली. उरलेली औषधं पेटीत टाका, गरिबांच्या कामी येतील. मग तशी रीतच पडून गेली. घरात कुणी गेलं की चौथ्या-पाचव्या दिवशी सून नाहीतर मुलगी त्या माणसाची औषधं पदराखाली घेऊन यायची आणि पेटीत सोडून हात जोडायची. जासूदबेन ती घेऊन बसायच्या. चालणारी डॉक्टरांकडे, मुदत गेलेली डब्यात. असं करता करता एकतीस वर्षं झाली होती.

गाव त्यांना बा म्हणायचं, म्हणजे आई. शेजारणी म्हणायच्या, जासूदबेनना उशीवर डोकं टेकलं की झोप लागते. ते खरंच होतं. नवरा गेला, मुलगी लांब मुंबईला दिली, गुडघे गेले. पण आपल्या हातून कुणाचा जीव गेला नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ती झोप त्या एका गोष्टीवर टेकलेली होती.

पुरी डांगर दवाखान्यात नवी फार्मासिस्ट म्हणून आली ती दिवाळीनंतर. आहिराची मुलगी, सत्तावीस वर्षांची, बाप अमरेलीकडे कपाशी लावायचा. पहिल्याच आठवड्यात तिनं खलबत्त्याचा आवाज ऐकला आणि दारात येऊन उभी राहिली.

"बा, काय कुटताय? सुंठ?"

"मुदत गेलेल्या गोळ्या."

"कशाला?"

"परठवायला."

"म्हणजे टाकायला?"

"टाकतो आपण केर, दीकरी. हे ठेवून यायचं असतं."

पुरीनं ओढणी नाकाला लावली. "बा, आधी ते कुटणं थांबवा. ती पूड तुमच्या छातीत जाते. आणि आता कायदा आहे. मुदत गेलेलं औषध पिवळ्या पिशवीत. एक दिवसाआड भावनगरची गाडी येते ना, रक्ताचा कापूस न्यायला? तीच हेही नेते. तिकडे बंद भट्टी आहे, हजार डिग्रीच्या वर तापते, मागे काही उरत नाही."

"जाळतात?"

"हो."

"तू मला जाळायला सांगतेस?" जासूदबेननी बत्ता खाली ठेवला. "अगं, आयुष्यभर मी चुलीत लाकूड घालायच्या आधी आपटून घेतलं, आत किडा असेल म्हणून. अग्नीत जीव, अग्नीनं मरणारे जीव ते वेगळेच. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्या हातानं भट्टी पेटवू?"

"भट्टी तुमच्यासाठी पेटत नाही, बा. पेटलेलीच असते."

"खाटीकही हेच म्हणतो. मी कापलं नाही तर दुसरा कापेल."

लादी पुसणारी मोंघीबेन खुदकन हसली. "पुरीबेन, नका नादी लागू. बांच्या तोंडाला तोंड देणारा अजून ह्या गावात जन्माला आलेला नाही. मोठे डॉक्टरसुद्धा मागच्या दारानं जातात."

पुरीनं तेव्हा विषय सोडला. तिला वाटलं, म्हातारीच्या डब्यात दोन-चार तापाच्या गोळ्या असतील, फार तर सर्दीचं सिरप. सवडीनं समजावू.

माघ महिन्यात शांतिभाई कंदोईंची सून आली. शांतिभाईंना जाऊन पाच दिवस झाले होते. ती पेटीपाशी थांबली नाही, सरळ औषधखोलीत आली आणि कापडी पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, "बा, ही पप्पांची. फार महागाची आहेत. कुणाला तरी लागू पडू देत." आणि तिला रडूच आलं. जासूदबेननी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. ती गेल्यावर पुरीनं पिशवी उघडली. कर्करोगाच्या गोळ्यांची चार पाकिटं, दोन कुप्या. दोन पाकिटांची मुदत कधीच संपलेली होती, कुप्या बर्फाशिवाय राहिलेल्या.

पुरीनं आधी हातमोजे घातले. मग विचारलं, "बा, अशी औषधं पूर्वीही आलीत?"

"येतात की. रोग का आता नवा आहे?"

"त्यांचं काय केलंत?"

"सगळ्यांचं जे करते तेच."

"कुटलीत?"

"न कुटता कशी पसरणार?"

पुरी खुर्चीवर बसली. "बा, ही औषधं पेशी मारायला बनवलेली असतात. वाढणारं जे जे आहे ते मारायचं, एवढंच त्यांना कळतं. म्हणून नर्सही उघड्या हातानं शिवत नाही. ह्यांची पिशवीसुद्धा वेगळी, तिच्यावर खूण वेगळी, ह्यांना भट्टीही जास्त कडक लागते." जरा थांबून तिनं विचारलं, "आणखी काय काय असतं डब्यात?"

जासूदबेनना सगळं पाठ होतं. ताप, खोकला, हृदयाची, झोपेची, जंताची. जखमेवर लावायची. खरजेचं लोशन, ते तर फार, कारण मध्यंतरी शाळेत खरूज आली होती तेव्हा सरकारनं खोकेच्या खोके दिले आणि निम्मे उरले. उवांचं औषध.

"उवांचं?" पुरीनं विचारलं.

"हो. का?"

"मला ती जागा दाखवा."

दोघी मागच्या दारानं गेल्या. ऊन कोवळं होतं. भिंतीच्या अलीकडे लिंबाखाली मुंगळ्यांची रांग लागली होती, बुंध्यावरून वर, वरून खाली. पलीकडे तो पट्टा. जासूदबेन जरा ताठ उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर दाखवणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"बघ. कित्येक वर्षांत इथं मुंगी नाही. कंकुबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, अशी जागा मिळायला पुण्य लागतं."

पुरी उकिडवी बसली. तिनं काडीनं माती उकरली, वीतभर खाली गेली. मग उठून भिंतीच्या ह्या बाजूला आली, तिथं उकरलं. तिथं पहिल्याच खड्ड्यात वाळवी, एक बारकी गोम, गवताची पांढरी मुळं. ती पुन्हा पट्ट्यात गेली, तीन ठिकाणी उकरून पाहिलं. सगळीकडे नुसती माती. मग तिनं मोंघीबेनला हाक मारून स्वयंपाकघरातून गूळ मागवला.

"आता नैवेद्य दाखवणार का जमिनीला?" मोंघीबेन म्हणाली. पण पुरीचा चेहरा बघून तिनं गूळ पुढं केला.

पुरीनं गुळाचा एक खडा लिंबाखाली ठेवला, दुसरा पट्ट्याच्या मधोमध. "बा, मी काही सांगत नाही. तुम्हीच बघा."

जासूदबेनसाठी मोंघीबेननं स्टूल आणलं. लिंबाखालच्या गुळाला चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात पहिली मुंगी लागली. मग दहा. मग खडा काळा दिसायला लागला. पट्ट्यातला गूळ उन्हात चकाकत होता. अर्धा तास झाला. तास झाला. पुरी दोनदा आत जाऊन रुग्णांना औषधं देऊन आली. भिंतीच्या फटीतून मुंग्यांची एक रांग निघाली आणि पट्ट्याच्या कडेपर्यंत आली. तिथं पुढच्या मुंग्या थांबल्या, मिशा हलवल्या, आणि सगळी रांग कडेकडेनं वळून पलीकडच्या बाभळीकडे गेली. जासूदबेन स्टुलावरून वाकून बघत होत्या.

"माझ्या बापाच्या बांधावर अशी एक जागा आहे," पुरी हळूच म्हणाली. "तिथं आम्ही फवारणीचं औषध कालवायचो. बा, खरजेचं औषध खरजेचा किडाच मारतं. उवांचं उवा. मातीत गेल्यावर ते मुंगीला वगळत नाही."

जासूदबेनना एक सकाळ आठवत होती. सुरुवातीचंच वर्ष, त्यांच्या मुलीच्या, मंजूच्या लग्नाआधीचे दिवस. घरात पाहुणे, परतायची घाई, आणि ह्याच जागेवर लाल मुंग्यांचा असा लोंढा चालला होता की डबा हातात धरून त्यांना पाऊण तास उभं राहावं लागलं. उशीर झाला म्हणून जाऊ रागावली होती. तेव्हा रोजच थांबावं लागायचं, रोज पुंजणी चालवून मुंग्या अलगद बाजूला कराव्या लागायच्या. मंजूचा पहिला मुलगा झाला तोवर थांबणं कमी झालं होतं. दुसऱ्याच्या वेळी तर पुंजणी नुसती रीत म्हणून फिरत होती. त्यांनी ते पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि बरं वाटून घेतलं होतं की चला, जागा शुद्ध झाली.

"मी शोधलेली नव्हती ही जागा," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "मी केली अशी."

"बा, तुम्हाला माहीत नव्हतं," पुरी म्हणाली.

"पाय न बघता टाकला तरी खालचा मरतोच, दीकरी." त्या उठायला गेल्या. मोंघीबेननं हात दिला. मोंघीबेन रडत होती, जासूदबेन नाही.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी औषधखोलीत आल्या तशा न बसता दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टच्या वाडीभाई शेठांकडे गेल्या. वाडीभाई कचेरीत गाठिये खात होते, कागदावर कच्च्या पपईचा परतलेला कीस, संभारा, बाजूला तळलेली मिरची.

"या या बा, बसा. तुम्ही खाणार नाही म्हणून विचारत नाही."

जासूदबेननी सगळं सांगितलं. वाडीभाई खाता खाता थांबले. कागद त्यांनी बाजूला सारला, दाराकडे बघितलं.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"पुरीला. मोंघीला. आता तुम्हाला."

"मग चौघांतच राहू दे. बा, गुरुवारी प्रदूषण मंडळाचे साहेब येतायत. मी त्या पुरीला सांगितलंय, दोन पिवळ्या पिशव्या भरून दारात ठेव. साहेब पिशव्या बघतील, वही बघतील, चहा घेतील, जातील. भिंतीमागं कोण जातंय? उद्यापासून तुम्हीही पिशवीत टाका. झालं गेलं विसरा."

"आणि माती?"

"मातीचं काय?"

"चोमासात पाऊस लागला की त्या पट्ट्याचं पाणी कुठं जातं, वाडीभाई? खाली पांजरापोळीचा हौद आहे. म्हाताऱ्या गाई पितात. मोंघीच्या वस्तीचा हातपंप आहे."

वाडीभाईंनी रुमालानं बोटं पुसली. "बा, तुमच्या पाया पडतो. एकतीस वर्षं लोक तुमचं नाव घेतात. पेटीत औषध टाकणारी बाई आधी तुमच्या घराकडे हात जोडते. हे बाहेर पडलं तर दवाखान्याचं काय होईल ते सोडा, तुमचं काय होईल?"

"तेच बघायचंय मला," जासूदबेन म्हणाल्या.

गुरुवारी साहेब आले. तरुण होते, चष्मा, हातात फाईल. पिशव्या पाहिल्या, वही पाहिली, मान हलवली. वाडीभाईंनी चहा मागवला. तेवढ्यात जासूदबेन कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठल्या.

"साहेब, चहा मागून. आधी मागं चला."

"बा, साहेबांना गाडी गाठायची आहे," वाडीभाई घाईनं म्हणाले.

"मीही फार दिवस थांबणारी नाही, वाडीभाई. चला साहेब."

साहेब गेले. जासूदबेननी त्यांना पट्टा दाखवला, कुठून कुठवर, कोणत्या वर्षापासून, काय काय, किती. खरजेच्या लोशनाचे किती खोके तेही सांगितलं. साहेब लिहीत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. माझं नाव लिहा."

साहेबांनी पेन थांबवलं, त्यांच्याकडे पाहिलं, मग लिहिलं. दवाखान्याला नोटीस आली. पट्ट्याला काटेरी तार लागली, भावनगरहून माणसं येऊन हातभर माती खणून निळ्या पिंपांतून घेऊन गेली. हौदाचं आणि पंपाचं पाणी तपासायला गेलं, आणि निकाल येईपर्यंत पंपाला साखळी घातली. मोंघीबेनच्या वस्तीतल्या बायका लांबून पाणी आणू लागल्या. एकदा जासूदबेन समोरून येताना दिसल्या तर एकीनं हंडा ह्या कमरेवरून त्या कमरेवर घेतला आणि तोंड फिरवलं. मोंघीबेन तिच्यावर ओरडली. जासूदबेन म्हणाल्या, "नको मोंघी. तिचा घडा जड आहे."

पिवळी पिशवी मात्र त्यांना बांधवेना. एक आठवडा त्या औषधं निवडून वेगळी करत आणि तोंड बांधायची वेळ आली की उठून जात. मग उपाश्रयात नव्या महासती आल्या, झरणाबाई, कंकुबाईंच्याच शिष्येची शिष्या, वय असेल चाळीस. जासूदबेन दुपारी एकट्या गेल्या आणि त्यांच्यासमोर बसून सगळं बोलल्या. काहीही गाळलं नाही. मंजूच्या लग्नाचं वर्षही सांगितलं.

झरणाबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"पिशवी भट्टीत जाते, महासतीजी. बांधू की नको?"

"जाळा असं आम्हाला सांगता येत नाही. जाळू नका असंही मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्हाला ठरवायचंय, जासूदबेन. मी मागं झालं त्याचंच प्रायश्चित्त देऊ शकते."

"तीन उपवास द्या. आठ द्या."

"उपवास तुम्हाला सोपे आहेत. तुम्ही हसत कराल." झरणाबाईंनी डोळे उघडले. "पेटीत औषधं टाकणारी घरं किती?"

"दीडशे असतील."

"प्रत्येक घरी जा. काय झालं ते सांगा. पुढं औषध कसं सोडायचं तेही सांगा. कुठल्याही घरी तुमचं कौतुक झालं तर ते घर धरायचं नाही, तिथं पुन्हा जायचं."

जासूदबेनना वाटलं, ह्यापेक्षा महिन्याचा उपवास परवडला असता. दीडशे उंबरे, आणि प्रत्येक उंबऱ्यावर तीच गोष्ट पहिल्यापासून. त्यांनी वंदन केलं आणि उठल्या.

संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या आधी त्या औषधखोलीत गेल्या. शांतिभाईंची पाकिटं खूण असलेल्या वेगळ्या पिशवीत पडून होती. पुरीनं हातमोजे पुढं केले. जासूदबेननी ते घातले. बोटं आखडलेली, मोजे सैल. त्यांनी पिशवीचं तोंड पिळलं, गाठ मारली, आणि पुरीनं वजनकाट्यावर ठेवायला सांगितलं तेव्हा स्वतः उचलून ठेवली.

"बा, आजपासून वहीत कुणाचं नाव लिहू?" पुरीनं विचारलं.

"माझं. आणि नीट लिही, जासूद म्हण, बा म्हणू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पहिल्या घरी गेल्या. घर त्यांनी मुद्दाम निवडलं होतं, शांतिभाई कंदोईंचं. सुनेनं दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. "बा! या ना आत. पप्पांची औषधं लागली का कुणाच्या कामी? मी कालच ह्यांना म्हणत होते, बांच्या हातात गेली म्हणजे चांगल्या ठिकाणी गेली." तिनं पाटावर आसन टाकलं, आत हाक मारून उकळलेलं पाणी मागवलं.

जासूदबेन उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या. पाण्याला त्यांनी हात लावला नाही.

"आसन राहू दे, बेटा," त्या म्हणाल्या. "घरात आणखी कोण आहे? सगळ्यांना बोलाव. मला एकदाच सांगायचंय, आणि मध्ये मला थांबवू नका."